क्रीडा नैपुण्यशोध आणि वावर-वांगणीचा इतिहास : जव्हार-मोखाड्यातून एक विचार

क्रीडा नैपुण्यशोध हा विषय आपल्याकडे बहुधा शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमापुरता राहतो. नवोदित खेळाडूला कोण हेरतो, कोठे हेरतो आणि त्यापूर्वी त्या मुलाच्या वाट्याला काय आलेले असते, हे प्रश्न मात्र इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत लेखात ते जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात मांडले आहेत.

भारतातील या शोधाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण बेसबॉलचे आहे. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन क्रीडा व्यावसायिकाने २००८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' ही चेंडूफेकीची स्पर्धा घेतली. वेग आणि अचूकता एवढेच निकष होते. हजारो तरुणांतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल निवडले गेले. अमेरिकेत टॉम हाऊस यांच्याकडे प्रशिक्षण घेतल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. २०१४ मध्ये या कथेवर चित्रपटही आला. बेसबॉल ठाऊक नसलेली खेड्यातील दोन मुले अचानक सापडली, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. दोघेही लखनौच्या गुरु गोविंद सिंग क्रीडा महाविद्यालयात तयार झालेले भालाफेकपटू होते. म्हणजे वसतिगृह, आहार व मैदान ही गुंतवणूक सरकारी संस्थेने आधीच केलेली होती. पुढे दिनेशचा करार २०१० मध्ये संपला. रिंकू कनिष्ठ श्रेणीत काही वर्षे खेळला, दुखापतींनी अडला आणि नंतर व्यावसायिक कुस्तीकडे वळला. एका दिवसाच्या मोजमापाला किती दूरचे दिसते, याचा अंदाज यावरून येतो.

आदिवासी भागातील शोधाला सरकारी परंपरा आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या विशेष क्षेत्र क्रीडा योजनेतून १९८७ मध्ये राजस्थानातील लिंबा राम हा तिरंदाज पुढे आला. धनुष्य वापरणाऱ्या समाजात तिरंदाज शोधावा, हा त्यामागचा तर्क. तो यशस्वी ठरला, तरी त्यात ठोकळेबाजपणाही होता. आदिवासी मूल म्हणजे धावणार किंवा नेम धरणार, असे आजही गृहीत धरले जाते.

जव्हार-मोखाड्याला जवळचे उदाहरण घाटमाथ्यावरील हरसूलजवळच्या सावरपाड्याचे आहे. १९८५ मध्ये जन्मलेल्या कविता राऊत हिला नाशिकमध्ये विजेंदर सिंग यांचे मार्गदर्शन लाभले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत रौप्य. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे बिरुद सर्वांना आठवते, पण पाडा आणि पदक यांच्यामधली नाशिकची वर्षे फारशी कुणाला आठवत नाहीत. घडवणूक झाली ती त्या वर्षांत.

आता वावरकडे वळू. कविता सात वर्षांची असताना, १९९२ मध्ये, याच डोंगरपट्ट्यातील जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. त्या वर्षी जन्मलेले मूल जगले असते तर २००८ मध्ये सोळा वर्षांचे, म्हणजे रिंकू-दिनेशहून तीन-चार वर्षांनी लहान असते. पुढे २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी हाच प्रश्न पुन्हा राज्यासमोर आणला.

मृत्यूंची निदान मोजणी होते. जी मुले वाचली पण ज्यांची वाढ खुंटली, त्यांचा हिशेब क्रीडा-इतिहासात कोठेच येत नाही. क्रीडा प्रबोधिनीसारख्या प्रवेश चाचण्यांत उंची, वजन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर धाव अशा गोष्टी तपासल्या जातात. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे क्वचितच पूर्ण भरून निघते. त्यामुळे या चाचण्यांत मुलाच्या उपजत क्षमतेबरोबर त्याच्या आईच्या गरोदरपणातील आहाराचे, आणि दिवाळीनंतर मजुरीसाठी वसई-भिवंडीकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या पोटाचेही मोजमाप होत असते. निवड समिती याला गुणवत्तेचा अभाव समजते, हा माझा आक्षेप आहे. दमश्वासाच्या शर्यतीत लहान, हलका बांधा फारसा आड येत नाही. फेकीच्या खेळात येतो. या पट्ट्यातून धावपटूच पुढे का येतात, याचे काही उत्तर इथेही सापडावे. जव्हार-मोखाड्याच्या क्रीडा-इतिहासाची साधने शोधताना म्हणूनच आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धांच्या नोंदवह्यांसोबत त्याच मुलांची अंगणवाडीतील वजनपत्रकेही तपासावी लागतील.