एक आणा आणि साडेसात रुपये

प्राथमिक शिक्षणावर कोणते सरकार किती खर्च करते, हा प्रश्न आज अंदाजपत्रकाच्या दिवशी निघतो. आपल्याकडे तो आकडेवारीसह मांडला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी, मार्च 1910 मध्ये, व्हाइसरॉयच्या विधिमंडळात. त्यांनी देशोदेशींचा दरडोई खर्च वाचून दाखवला. अमेरिका 16 शिलिंग, इंग्लंड आणि वेल्स 10 शिलिंग, जपान 1 शिलिंग 2 पेन्स, रशिया साडेसात पेन्स. आणि हिंदुस्थान? जेमतेम 1 पेनी!

हा हिशेब मी आपल्या नाण्यांत करून पाहिला. तेव्हा रुपयाला 16 पेन्स मिळत आणि रुपयाचे आणेही 16. म्हणजे पेनी ती आण्याबरोबर. इंग्लंडमध्ये माणशी साडेसात रुपये, आपल्याकडे एक आणा. फरक 120 पटींचा, आणि दोन्हीकडे राज्य एकाच बादशहाचे. इंग्लंडने तर 1880 मध्येच शिक्षण सक्तीचे केले होते आणि 1891 पासून बहुतेक शाळांतली फी उठवली होती.

‘हिंदुस्थान गरीब आहे, पैसा कुठून आणणार?’ असे कुणी म्हणेल. त्याला बडोद्याने उत्तर दिले होते. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. गोखल्यांच्या हिशेबाप्रमाणे बडोद्याचा खर्च दरडोई साडेसहा पेन्स होता. प्रजा तशीच, शेतकरी तसाच. फरक राज्यकर्त्याच्या इच्छेचा होता.

आपला वऱ्हाड तर कापसाचा मुलूख. अकोला, अमरावतीच्या बाजारातला कापूस रेल्वेने मुंबईला आणि तिथून विलायतेला जाई. 1902 च्या करारात इंग्रजांनी वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि निजामाला वर्षाला 25 लाख रुपये देण्याचे कबूल केले. मुलखाचे भाडे भरायला पैसा होता, मग मुलांना शिकवायलाच तो का नसावा?

गोखल्यांनी 1911 मध्ये विधेयक आणले. 6 ते 10 वर्षांच्या मुलांना शाळेची सक्ती करण्याची मुभा नगरपालिकांना आणि जिल्हा मंडळांना द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. 19 मार्च 1912 रोजी ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. त्याच वर्षअखेर बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्षपद आपल्या अमरावतीच्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांकडे आले.

पुढे 1920 मध्ये मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. 1928 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी शिक्षणासाठी कर वाढवला. कर वाढवणारा पुढारी लोकांना सहसा आवडत नाही. वऱ्हाडाने मात्र भाऊसाहेबांना डोक्यावर घेतले. पैसा शाळेसाठी आहे हे त्याला कळत होते.

6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 मध्ये झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर जवळजवळ 100 वर्षांनी! म्हणून मला वाटते, अंदाजपत्रकातला मोठा आकडा ऐकून आपण थांबू नये. त्याला माणसांनी भागावे, आणि त्यातले किती आपल्या गावच्या शाळेपर्यंत पोचले, हे शाळेत जाऊन विचारावे.