ख्याल आणि खबर

पनवेल कुलाबा जिल्ह्यात होते त्या काळची गोष्ट. आमचा रेडिओ देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असे. दोघांचेही आसन रोज पुसले जाई. फरक एवढाच, की देवाला परवाना लागत नसे आणि रेडिओचा मात्र दरसाल पोस्टात पैसे भरून नवा करावा लागे.

रेडिओ एक आणि मालक दोन. आमचे बाबा म्हणत, रेडिओ हा गाण्यासाठी असतो. थोरले काका म्हणत, छे, बातम्यांसाठी! गाणारे काय, उद्याही गातील. बातमी उद्या शिळी होते. त्यावर बाबा म्हणत, “अण्णा, शिळी होते म्हणूनच ऐकू नये.”

हे भांडण आमच्याच घरचे नव्हते. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विनच्या हस्ते सुरू झाले ते एका खाजगी कंपनीचे. ती १९३० मध्ये बुडाली, मग रेडिओ सरकारच्या गळ्यात पडला आणि १९३६ मध्ये त्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे बारसे झाले. तेव्हापासून गवयाला किती वेळ द्यावा आणि वृत्तनिवेदकाला किती, हा तिढा आहेच. दोन-दोन तास आलापी करणारे बुवा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत अर्ध्या तासात राग आटपायला शिकले.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि बाबांना देव पावला. केसकरांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि सिनेसंगीताला कात्री लावली. लोकांनी काय केले? काटा सरळ सिलोनवर नेला! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ काढावी लागली. बाबा केसकरांचे कट्टर भक्त, पण वाजवत पेटी. आणि पेटीला तर रेडिओवर १९४० पासूनच बंदी! म्हणजे ज्या देवळाची वारी करायची, तिथे आपल्यालाच दार बंद. ही बंदी सैल व्हायला सत्तरचे दशक उजाडले.

शनिवारी रात्री राष्ट्रीय कार्यक्रम लागला, की काका मुद्दाम येऊन काटा फिरवून बघत. “जग कुठे चाललंय ते कळू दे की!” बाबा काटा परत आणीत. या ओढाताणीत बिचारा मालकंस रशियापर्यंत जाऊन येई.

मग १९७१ चा डिसेंबर आला. तीन तारखेला युद्ध पेटले. काकांचा थोरला मुलगा सैन्यात होता. आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवले. दुसऱ्या दिवशी शनिवार. बाबांनी रेडिओ लावला आणि काटा आपणहून बातम्यांवर ठेवला. काका मात्र उठून ओटीवर जाऊन बसले.

त्यानंतर रोज असेच. प्रत्येक बातमीपत्र बाबा ऐकत आणि ओटीवर जाऊन सांगत, “अण्णा, सगळं ठीक आहे.” आता बातमीपत्रात गावांची नावे असतात, विमानांचे आकडे असतात, आमच्या घरातल्या मुलाचे नाव कुठून असणार? पण बाबा सांगत आणि काका मान डोलावत. एकदा काका आतल्या अंगाने म्हणाले, “गाणं लाव रे. काहीही लाव. फक्त सारंगी नको.” मे १९६४ मध्ये नेहरू गेले, तेव्हापासून आमच्या घरात सारंगी ऐकली की आधी कोण गेले ते विचारायची सवय लागली होती. बाबांनी पेटी काढली आणि अंधारात हळूहळू भूप वाजवला.

सोळा तारखेला ढाक्यात शरणागती झाली. मुलाचे पत्र यायला आणखी आठ-दहा दिवस गेले. सुखरूप होता. पुढे दोन ओळींत थंडीची तक्रार होती.

त्या शनिवारी रात्री काका स्वतः रेडिओपाशी बसले. कोणीतरी ख्याल गात होते. काकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, “हा कुठला रे राग?”

“थांब जरा,” बाबा म्हणाले, “आता बातम्या लागतील.”