झाकण नसलेला खोका

बुटांचा एक रिकामा खोका घ्या. झाकण बसवून कडेने चिकटपट्टी लावा आणि दोन टोकं दोन हातांत धरून तो पिळून पाहा. फारसा पिळला जात नाही. आता झाकण काढून पुन्हा तेच करा. तोच पुठ्ठा, तेच हात, पण खोका ओल्या पंचासारखा पिळवटतो. वर्गात या प्रयोगाला दोन मिनिटं लागतात, आणि बंद आकार उघड्या आकारापेक्षा पिळाला कितीतरी जास्त विरोध करतो, हे मग फळ्यावर लिहावं लागत नाही.

मोटारीचा टप म्हणजे हे झाकण. ते काढलं की वारा अंगावर घेण्याची मजा येते, पण खड्ड्यातून जाताना गाडी पिळवटू लागते. दारं नीट लागत नाहीत, समोरची काच थरथरते, आणि मुख्य म्हणजे चाकं रस्त्यावर ज्या कोनात टेकायला हवीत त्या कोनात टेकत नाहीत. यावरचा सोपा उपाय म्हणजे खालून जाड पोलाद घालणं. त्यामुळे बऱ्याच उघड्या गाड्या आपल्याच बंद बहिणींपेक्षा वजनदार असतात. टप काढून टाकला आणि वजन वाढलं!

हा सोपा उपाय नाकारणाऱ्यांचा इतिहास मोठा रंजक आहे. तो घडला मुख्यतः इंग्लंडमध्ये, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत. पेट्रोलचं रेशनिंग १९५० पर्यंत चाललं होतं. नवी गाडी मिळणं अवघड होतं. मात्र जुन्या ऑस्टिन सेव्हन गाड्या स्वस्तात मिळत. १९२२ साली आलेली ही अगदी छोटी, ७४७ घन सेंटिमीटर इंजिनाची गाडी १९३९ पर्यंत जवळजवळ २ लाख ९० हजारांच्या घरात बनली होती. तिचा पत्रा काढून टाकायचा, उरलेल्या सांगाड्यावर स्वतःची गाडी उभी करायची आणि रविवारी शर्यतीत पळवायची, असा छंद अनेक तरुणांना लागला होता.

त्यांतला एक होता कॉलिन चॅपमन. जन्म १९२८. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात तो शिकला ते मोटारींचं शास्त्र नव्हे, तर पूल आणि इमारतींच्या सांगाड्यांचं. विद्यापीठाच्या हवाई पथकात तो विमान चालवायलाही शिकला. ही पार्श्वभूमी महत्त्वाची, कारण पूल बांधणारा आणि विमान बांधणारा दोघंही एकच प्रश्न विचारतात : या ठिकाणच्या धातूवर नेमका किती भार येतो? येत नसेल तर तो धातू इथे कशाला? चॅपमनने १९४८ साली आपल्या मैत्रिणीच्या, हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये ऑस्टिन सेव्हनवर पहिली गाडी बांधली. पुढे दोघांचं लग्न झालं. १९५२ साली लोटस कंपनी सुरू झाली तेव्हा २५ पौंडांचं भांडवल हेझलनेच दिलं होतं.

त्याच वर्षीच्या लोटस मार्क सहामध्ये त्याचं शिक्षण दिसतं. गाडीच्या तळाशी दोन जाड तुळया टाकण्याऐवजी त्याने बारीक पोलादी नळ्यांची जाळी केली, रेल्वेच्या पुलासारखी त्रिकोणांची. चार काड्या टाचण्यांनी जोडून चौकोन केला तर तो लगेच कलतो. एक कर्ण घातला की हलत नाही. कारण त्रिकोणाच्या बाजू तेवढ्याच राहिल्या तर कोन बदलूच शकत नाहीत. नळ्यांवर फक्त ताण किंवा दाब येतो, वाकवणारं बल जवळजवळ येत नाही, म्हणून बारीक नळी पुरते. हा नळ्यांचा सांगाडा भरला सुमारे २५ किलो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीइतका.

याच वाटेने १९५७ साली आली लोटस सेव्हन. ती पाहिल्यावर लहान मूलसुद्धा सांगेल की हिच्यात काय नाही. दारं नाहीत, टप नाही, सामान ठेवायला धड जागा नाही. चाकांवर सायकलच्या मडगार्डसारखी झाकणं. इंजिन फोर्डच्या साध्या घरगुती गाडीचं, जेमतेम ४० अश्वशक्तीचं. पण वजन पाचशे किलोच्या आसपास. शिवाय ती सुट्या भागांच्या रूपात विकत मिळे. तेव्हा इंग्लंडमध्ये तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर ती गाडीच धरली जाई. म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना देई आणि घेणारा त्या शेवटून पहिल्याकडे वाचे, असं सांगतात.

वजन कमी केल्याने नेमकं काय मिळतं? वेग वाढवण्याचा हिशोब सोपा आहे : तेवढंच बल, कमी वस्तुमान, जास्त त्वरण. पण इंजिनाची ताकद वाढवूनही ते साधतंच. वळणाचं आणि ब्रेकचं काय? इथे पाठ्यपुस्तकातलं गणित आपल्याला चकवतं. वळणावर लागणारं बल mv²/r, आणि घर्षणाने मिळणारं जास्तीत जास्त बल μmg. दोन्हींकडून m निघून जातो. म्हणजे भरलेला ट्रक आणि सेव्हन एकाच वळणावरून सारख्याच वेगाने जायला हवेत. हुशार विद्यार्थी हा प्रश्न विचारतो, आणि त्याला गप्प करू नये, कारण त्याचं गणित बरोबर आहे. चूक आहे ती μ स्थिर मानण्यात.

लाकडाच्या ठोकळ्यासाठी ते बऱ्यापैकी चालतं, रबरासाठी चालत नाही. रबर रस्त्याच्या बारीक खाचांत शिरून पकड घेतं. भार वाढवला की प्रत्यक्ष स्पर्शाचं क्षेत्र वाढतं खरं, पण भाराच्या प्रमाणात नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. वळणावर तर बाहेरच्या चाकांवर भार सरकतो आणि आतली हलकी होतात; बाहेरच्यांनी मिळवलेली पकड आतल्यांनी गमावलेल्या पकडीपेक्षा कमी भरते. म्हणून गाडी हलकी असावी आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीलगत असावा. इंजिन मोठं केलं तर सरळ रस्त्यावर फायदा. वजन कमी केलं तर सरळ रस्ता, वळण, ब्रेक, टायरची झीज, पेट्रोल, सगळीकडे फायदा. आणि गाडी हलकी म्हणून ब्रेक लहान चालतात, ब्रेक लहान म्हणून गाडी आणखी हलकी. 'हलकेपणा वाढवा' अशा अर्थाचं एक वाक्य चॅपमनच्या नावावर खपतं. खरं तर ते विल्यम स्टाउट या अमेरिकन विमानरचनाकाराच्या तोंडी आधीपासून होतं.

परदेशात संशोधन करत असताना एका सहकाऱ्याच्या सेव्हनमधून मी काही वेळा हिंडलो आहे. तिच्यात बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं बाजूवरून पाय टाकून उतरायचं. कोपर बाहेरच राहतं. धुराड्याची नळी कुशीलगत जाते, आणि पोटरीवरच्या डागावरून सेव्हनचा मालक ओळखावा असं तो गमतीने म्हणे. पाऊस आला की कापडी छत बांधेपर्यंत माणूस भिजलेला असतो. पण ताशी ६० किलोमीटर वेगातही आपण तुफान सुटलो आहोत असं वाटतं. डोळे रस्त्याच्या इतके जवळ असतात की जवळचे दगड, पट्टे फार मोठ्या कोनीय वेगाने मागे जातात. उंच बसच्या खिडकीतून तोच वेग संथ वाटतो. एवढीशी मजा हवी म्हणून लोक इतकी गैरसोय का सोसतात, याचं निम्मं उत्तर मला वाटतं या भूमितीत आहे.

झाकणाचा प्रश्न मात्र नळ्यांच्या जाळीने पुरता सुटत नव्हता. माणसांना बसायला जाळीच्या मध्यावर मोठं भगदाड ठेवावंच लागतं. १९६२ च्या लोटस एलानमध्ये वेगळी युक्ती आली. पत्र्याची एक बंद पेटी गाडीच्या मधोमध, दोन माणसांच्या मधून, पाठीच्या कण्यासारखी गेली; टोकांना दोन फाटे, त्यांना इंजिन आणि चाकं. वरचं अंग फायबरग्लासचं. बंद खोका परत आला होता, फक्त माणसं त्याच्या आत नव्हती, दोन बाजूंना होती. एलानच्या रचनेचं काम सांभाळणारा रॉन हिकमन पुढे घडीचं सुतारी टेबल, 'वर्कमेट', शोधून काढून जास्त प्रसिद्ध झाला. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ ही छोटी उघडी गाडी आणताना एलानचा बारकाईने अभ्यास केला. तिच्या दहा लाख गाड्या २०१६ पर्यंत बनल्या.

किती कमी म्हणजे फार कमी, हा प्रश्न याच माणसाच्या शर्यतीच्या गाड्यांनी कडवटपणे विचारला. पूल बांधणारा हिशोबापेक्षा दुप्पट-तिप्पट मजबुती ठेवतो, कारण हिशोबाला न कळणारे भार येतात. शर्यतीत ही शिल्लक म्हणजे वाया गेलेलं वजन. १९६९ साली बार्सिलोनाला योखेन रिंट याच्या लोटसचा पंख मोडून मोठा अपघात झाला. काही दिवसांतच त्याने चॅपमनला पत्र लिहिलं : गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमकुवत भाग मजबूत करायला थोडं वजन वाढलं तरी आपण मागे पडणार नाही. पुढच्या वर्षीच्या लोटस ७२ मध्ये चाकांवरचं वजन कमी करण्यासाठी पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या अंगात बसवले होते, आणि ते चाकांना पोकळ दांड्यांनी जोडले होते. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझा येथे सरावात असा एक दांडा तुटला आणि रिंट मरण पावला. इटलीतल्या चौकशीत निष्कर्ष निघाला की अपघाताची सुरुवात दांड्यापासून झाली, पण मृत्यूला कारण ठरला तो नीट न बसवलेला लोखंडी कठडा. त्याने पट्ट्यातले खालचे बंदही बांधले नव्हते. त्या वर्षीचं जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. चॅपमनची बाजू घेणारे कठड्याकडे बोट दाखवतात. मला ते पत्र विसरता येत नाही.

चॅपमन १९८२ साली वारला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९९६ साली लोटसची एलिझ विक्रीला आली, आणि खोक्याच्या प्रश्नाला तिने दिलेलं उत्तर मला सगळ्यांत सुंदर वाटतं. चकलीच्या सोऱ्यातून पीठ दाबावं तसं तापवलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यातून दाबून पोकळ पट्ट्या काढल्या आणि त्या वेल्डिंग न करता इपॉक्सी गोंदाने चिकटवल्या. वेल्डिंगच्या उष्णतेने अशा अ‍ॅल्युमिनियमची सांध्याजवळची मजबुती कमी होते, मग पट्टी जाड घ्यावी लागते. गोंदाला ती अडचण नाही. गोंदाची वेगळी अडचण आहे : चिकटपट्टी सरकवू पाहिली तर हलत नाही, पण कड उचलून सोलली तर भराभर निघते. म्हणून एलिझच्या सांध्यांच्या टोकांना स्क्रू आहेत. भार गोंद घेतो, सोलणं स्क्रू थांबवतात. बंद पेट्या या वेळी दोन्ही कुशींना, दारांखाली ठेवल्या, उंच आणि रुंद. त्यामुळे आत शिरताना योगासनं करावी लागतात. अपघातात हा सांगाडा वाकला तर सहसा ठोकून सरळ करता येत नाही, बदलावाच लागतो.

पण सांगाडा भरला सत्तर किलोच्या आत आणि सगळी गाडी ७२५ किलो. आपली मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची होती. म्हणजे एलिझ तिच्यापेक्षा एका धष्टपुष्ट माणसाएवढीच जड, आणि ताकद मात्र तिप्पट, ११८ अश्वशक्ती.

पुढे वजन वाढत गेलं. २००४ साली अमेरिकेत गेलेली एलिझ नऊशे किलोच्या आसपास होती : हवेच्या पिशव्या, घसरणरोधक ब्रेक, वातानुकूलन. यांतल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल तक्रार करणं मला पटत नाही. २००८ साली टेस्ला कंपनीने आपली पहिली विजेची गाडी एलिझच्याच सांगाड्यात फेरबदल करून बांधली, आणि तिच्या एकट्या बॅटरीचं वजन होतं ४५० किलो, जवळजवळ एका सेव्हनएवढं. एलिझचं उत्पादन २०२१ साली थांबलं. त्यापुढच्याच वर्षी लोटसने दाखवलेल्या इलेट्रे या विजेच्या गाडीचं वजन अडीच टनांच्या घरात आहे.

सेव्हन मात्र संपली नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, सुट्या भागांची सवलत गेली, आणि लोटसने तिचे हक्क कॅटरहॅम गावातल्या एका विक्रेत्याला विकून टाकले. त्याने ती त्याच रूपात चालू ठेवली. २०२१ साली आलेली कॅटरहॅम सेव्हन १७० भरते ४४० किलो. इंजिन सुझुकीचं, ६६० घन सेंटिमीटर, तीन नळकांड्यांचं. ती अजून सुट्या भागांतही मिळते, आणि आता जोडणीची पुस्तिका सोबत असते.