हुंडी ते क्रिप्टो-टोकन : खाजगी विनिमयजाळी आणि शासकीय नियमन – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विकेंद्रित गोपनीयता-जाळे म्हणजे कोणत्याही एका कंपनीच्या ताब्यात नसलेली, अनेक स्वतंत्र संगणकांमधून माहिती सांकेतिक रूपात पुढे पाठविणारी व्यवस्था होय. कोणी कोणाला काय पाठविले, हे मधल्या कोणत्याही एका संगणकचालकास कळत नाही. काही जाळ्यांमध्ये या चालकांना क्रिप्टो-टोकनच्या रूपात मोबदला मिळतो. अशा व्यवस्थेत कायद्याचे पालन कोणी करावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. तंत्र नवे असले तरी हा प्रश्न मात्र जुना आहे. प्रस्तुत लेखात हुंडीव्यवहाराच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

दोन चलनांचा सीमाभाग :
सोलापूर-हैदराबाद मार्गावरील उमरगा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सोलापूर मात्र ब्रिटिश अमलाखाली होते. संस्थानात हाली सिक्का, तर सोलापुरात कलदार रुपया चाले. १०० कलदार रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात, असा सरकारी दर होता. त्यामुळे सीमेपलीकडील प्रत्येक व्यवहारात नाणेबदलाचा हिशेब येई. १९४७ च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलनाची संस्थानातील कायदेशीर मान्यता काढून घेतली. राज्यसत्ता आपला अधिकार प्रथम नाणेबदलाच्या दारावर दाखविते, याचे हे बोलके उदाहरण होय. पुढे हाली सिक्का १९५९ मध्ये कायमचा रद्द झाला.

हुंडीतील गोपनीयता व उत्तरदायित्व :
रोकड न नेता दूरच्या पेठेत पैसा पोहोचविण्याचे साधन म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखविताच, तर मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनी वटे. त्यासाठी हुंडणावळ आकारली जाई. मूळ हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत काढता येई. यांतील शहाजोग हुंडीची रक्कम केवळ बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच देय असे. हुंडी चोरीची वा बनावट निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर येई. थोडक्यात, व्यवहार बाहेरच्यांपासून झाकलेला असला, तरी जाळ्याच्या आत उत्तर देणारा माणूस असे. आज मराठीत ‘शहाजोगपणा’ हा शब्द सभ्यतेचा आव या अर्थाने रूढ आहे, हा अर्थबदलही सूचक आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील संलेखांबाबतच्या स्थानिक रूढींना बाधा आणली नाही. १८९९ च्या मुद्रांक अधिनियमाने मात्र हुंडीला मुद्रांकाच्या कक्षेत घेतले. स्वातंत्र्योत्तर काळात आयकर अधिनियमाच्या कलम ६९डी ने हुंडीवरील कर्जाचा व्यवहार खात्यात जमा होणाऱ्या धनादेशानेच करण्याचे बंधन घातले. शासनाने जाळे मोडले नाही. त्याचा राज्याच्या कागदाशी व पैशाशी जेथे संबंध येतो, तेथे पहारा बसविला.

टोकनचा काळ :
भारताचे अलीकडचे नियमनही याच वाटेने गेले आहे. २०२२ मध्ये आभासी डिजिटल मालमत्तेच्या उत्पन्नावर ३० टक्के कर व हस्तांतरणावर १ टक्का करकपात आली. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने टोकनची अदलाबदल करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन निर्देशांनी व्हीपीएन सेवादात्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्यास सांगितले. परंतु या निर्देशांत नोंदवही ठेवणारा सेवादाता गृहीत धरलेला आहे. विकेंद्रित जाळ्यात तोच नसतो. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘टॉर्नेडो कॅश’ या व्यवहार झाकणाऱ्या प्रणालीवर निर्बंध लादले. कोणाच्याही ताब्यात नसलेली, न बदलणारी संगणकीय संहिता ही कोणाची ‘मालमत्ता’ ठरत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले. मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठले.

समारोप :
सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्यामुळे जाळ्याआडचा प्रत्येक वापरकर्ता संशयित ठरविता येणार नाही. दुसरीकडे, टोकन चोरीस गेल्यास सामान्य माणसाने दाद कोणाकडे मागावी, याचे उत्तर आजच्या जाळ्यांपाशी नाही. हुंडीव्यवहाराकडे ते होते. गोपनीयता आणि उत्तरदायित्व परस्परविरोधी नाहीत, हे त्यावरून स्पष्ट होते. दारावर पहारा ठेवणे शासनाचे काम आहे. आत ‘शहा’ निर्माण करणे हे मात्र जाळे उभारणाऱ्यांचेच काम आहे. तो नसेल तर नियमपालन केवळ शहाजोगपणा ठरेल.