बनगावचे पिंप आणि गोमाचा खडक

१९७१ हे वर्ष मराठी वाचकाच्या स्मरणात आहे ते डिसेंबरातील तेरा दिवसांमुळे. ढाक्याच्या मैदानावर मांडलेले टेबल, शरणागतीच्या कागदावर सही करणारे जनरल नियाझी, शेजारी बसलेले जनरल अरोरा; हे छायाचित्र पाहिले नाही असा माणूस विरळा. त्याआधीचे आठ महिने मात्र आपल्या इतिहासलेखनात नाटकाच्या नांदीसारखे येतात. 'सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले' एवढे म्हटले की लेखक पुढे सरकतो. हे एक कोटी लोक कुठे झोपले, कोणते पाणी प्याले, त्यांच्या मलमूत्राचे काय झाले, जुलाब लागले तेव्हा त्यांची नाडी कोणी पाहिली, हे प्रश्न युद्धाच्या इतिहासाला पडत नाहीत. आम्हाला ते महत्त्वाचे वाटतात. मोठ्या आपत्तीत औषध आहे की नाही हा प्रश्न असतोच. पण ते कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या हातून द्यायचे हा प्रश्न पुष्कळदा त्याहून अवघड ठरतो.

सरकारी नोंद ९८,९९,३०५ निर्वासितांची आहे. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक ८२५ शिबिरांत होते. उरलेले नातेवाइकांकडे, ओळखीच्यांकडे किंवा वाट फुटेल तिकडे. एकट्या पश्चिम बंगालमध्ये ७५ लाखांच्या आसपास. त्रिपुरेची स्वतःची लोकसंख्या १५-१६ लाख, आणि तेथे आलेले निर्वासित १४ लाखांवर. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागात गटारासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या नळांत कुटुंबेच्या कुटुंबे राहत होती. त्यातच पावसाळा लागला. मे महिन्यात कॉलऱ्याने डोके वर काढले आणि सप्टेंबरअखेर नोंदलेल्या रुग्णांची संख्या ४६ हजारांपलीकडे गेली. ज्यांची नोंद झालीच नाही, जे वाटेतल्या झाडाखाली संपले, ते या आकड्यात नाहीत.

एवढ्या माणसांची व्यवस्था लावण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली ती दिसायला रुक्ष, कारकुनी स्वरूपाची होती. श्रम व पुनर्वसन मंत्रालयाने कलकत्त्यात एक शाखा-सचिवालय थाटले आणि कर्नल पी. एन. लुथरा यांना अतिरिक्त सचिव म्हणून तेथे बसवले. खर्च केंद्राने सोसायचा, शिबिरे राज्यांनी चालवायची. एप्रिलमध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. महासचिव ऊ थांट यांनी निर्वासितविषयक उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांच्या कार्यालयाकडे साऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीचा मेळ घालण्याचे काम सोपवले. पण हे कार्यालय शिबिरे चालवत नव्हते. पैसा, तंबू, लसी, दूधभुकटी त्याने जमवायची. प्रत्यक्ष वाटपाची सूत्रे भारत सरकारने आपल्याच हाती ठेवली. परदेशी कार्यकर्त्यांच्या वावरावर सरकारची करडी नजर होती. या हट्टामागे राजकारण होते हे उघड आहे. सीमेवर मुक्तिवाहिनीची तयारी चालू असताना तेथे पाहुण्यांची वर्दळ कोणत्याच सरकारला रुचली नसती. तरीही एक गोष्ट घडली: कोणत्या शिबिराचे उत्तरदायित्व कोणाचे, याबद्दल संदिग्धता राहिली नाही.

पैशाची चणचण अखेरपर्यंत होती. बाहेरून आलेली मदत खर्चाच्या मानाने तोकडी पडली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला. त्याची तिकिटे प्रथम कुटुंबनियोजनाच्या जुन्याच तिकिटांवर शिक्का मारून काढण्यात आली. पुढे स्वतंत्र तिकीट निघाले आणि ते आपल्या नाशिकच्या मुद्रणालयात छापले गेले. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते अजून सापडते. ज्याच्या घरातून कोणी बंगालला कधी गेले नाही, त्यानेही त्या पाच पैशांत बनगावच्या रुग्णाचा वाटा उचलला होता.

बनगाव हे जेसोर रस्त्यावरचे, सीमेला लागून असलेले गाव. तेथील रुग्णालयात दिलीप महालनबीस जूनच्या अखेरीस पोहोचले. वय छत्तीस, बालरोगतज्ज्ञ, इंग्लंड-स्कॉटलंडात शिकून परतलेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्ता येथील संशोधन केंद्रात काम करणारे. रुग्णालयातील दोन खोल्या ओसंडून वाहत होत्या. रुग्ण जमिनीवर, एकमेकांना खेटून पडलेले, आणि जमीन जुलाब-वांत्यांनी भरलेली. शिरेत सलाइन लावायचे तर त्या घाणीत गुडघे टेकावे लागत. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे ती लावण्याचे प्रशिक्षण घेतलेली माणसे त्यांच्या पथकात दोनच होती. दोन दिवसांत त्यांच्या लक्षात आले की ही लढाई या रीतीने हरल्यातच जमा आहे.

पर्याय कागदावर तयार होता. कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. साखर सोबत असेल तर आतडे मिठाला आत घेते आणि मिठामागून पाणी जाते, हे शरीरशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात सिद्ध केले होते. ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८मध्ये रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली होती. त्याच्याही आधी, १९५३ साली, कलकत्त्याचे हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडावाटे द्रव देऊन रुग्ण बरे केल्याचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. पण आतापर्यंतचे यश होते ते रुग्णालयातले: मोजके रुग्ण, मोजलेले द्रव, खाटेशेजारी डॉक्टर. अशिक्षित आईच्या हाती हे पाणी सोपवावे, असे म्हणण्याचे धैर्य वैद्यकाला झाले नव्हते.

महालनबीसांनी ते केले. कलकत्त्याच्या केंद्रातील ग्रंथालयाच्या खोलीत साखर-मिठाच्या मापाचा कारखाना सुरू झाला. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पोटॅशियम शास्त्राला हवे होते, ते वगळले. बाजारात सहज मिळेल तेवढेच घ्यायचे. प्लास्टिकच्या पिशव्या भरून गरम इस्त्रीने त्यांची तोंडे बंद करायची आणि गाडीत घालून बनगावला धाडायच्या. खर्च लिटरला ११ पैसे. तेथे तोटी लावलेल्या पिंपांत ते कालवले जाई आणि रुग्णाचे नातेवाईक पेला, मग, जे असेल ते घेऊन येत. लोकांचा सलाइनवर विश्वास होता, म्हणून या पाण्यालाही तोंडाने घ्यायचे सलाइन असेच म्हणण्यात आले. महाराष्ट्रात पुढे 'जलसंजीवनी' हा शब्द रुळला. शब्द सुंदर आहे, पण त्यात चमत्काराचा वास आहे. बनगावचे नाव अधिक व्यवहारी होते आणि तेथे तेच उपयोगी पडले.

जून ते ऑगस्ट या काळात सुमारे ३,७०० रुग्णांवर या पथकाने उपचार केले. मृत्यूचे प्रमाण, जे अशा शिबिरांत शेकडा २० ते ३० पर्यंत जाई, ते येथे ३.६ राहिले. कृती सांगणारी पत्रके सीमेवर वाटली गेली. बांगलादेशच्या गुप्त नभोवाणी केंद्रावरूनही ती सांगितली गेली. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बारुआ येऊन हे पाहून गेले आणि पुढे त्यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. वैद्यकीय जगाने मात्र लगेच मान डोलावली नाही. महालनबीसांचा निबंध प्रसिद्ध झाला तो १९७३मध्ये. 'लॅन्सेट'ने या उपचाराला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणायला १९७८ उजाडले. स्वतः महालनबीसांना पद्मविभूषण जाहीर झाले २०२३मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी.

या कथेला एका प्रतिभावान डॉक्टरची कथा म्हणून सांगण्याचा मोह होतो, आणि ती तशी सांगितलीही जाते. आम्हाला ते अपुरे वाटते. महालनबीसांनी लावलेला शोध पदार्थाचा नव्हता, अधिकाराच्या वाटणीचा होता. सुई टोचण्याचा अधिकार ज्यांना होता ते दोघे. पेला तोंडाला लावण्याची माया ज्यांना होती ते हजारो. जे काम हजारोंना जमते ते दोघांच्या हातून काढून घेतले की दोघे खरोखर अत्यवस्थ असलेल्यांसाठी मोकळे होतात. आणि हे साधले कारण बाकीचे, म्हणजे तंबू, शिधा, रस्ता, शिबिराची यादी, कोणीतरी सांभाळत होते. व्यवस्था गळकी होती, मुले कुपोषणाने दगावत होती, तरी ती होती. ती नसली तर हेच ज्ञान किती दुबळे ठरते, याचा दाखला तेवीस वर्षांनी आफ्रिकेत मिळाला.

१९९४च्या एप्रिल ते जुलै या काळात रवांडात सुमारे आठ लाख माणसे, बहुतांश तुत्सी, मारली गेली. जुलैच्या मध्यावर तुत्सी सैन्य जिंकू लागताच हुतू लोकांचा लोंढा सीमेपलीकडे झाईरच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या, गोमा शहराकडे वळला. पाच दिवसांत पाच ते आठ लाख माणसे. जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्याची: खड्डा खणता येत नाही, म्हणून शौचकूप नाहीत आणि थडगीही नाहीत. किबुंबासारख्या शिबिरात पाण्याचा थेंब नाही. पहिल्या आठवड्यात माणशी दिवसाला २०० मिलिलिटर शुद्ध पाणी पुरवता येत होते, एक पेलाभर. ज्यांना जमले ते किवू सरोवराचे पाणी पीत. २० जुलैच्या सुमारास कॉलरा निश्चित झाला आणि त्यापाठोपाठ औषधांना दाद न देणारी रक्ती हगवण आली. महिन्याभरात सुमारे ५० हजार माणसे मेली. आणीबाणीची खूण म्हणून दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू हा आकडा मानतात. गोमात तो २० ते ३५ होता. ही मोजणीही रुग्णालयांतून झालेली नाही. रस्त्याकडेला चटईत गुंडाळून ठेवलेली प्रेते सैन्याच्या ट्रकांत भरताना ती मोजली गेली.

येथे कशाची उणीव होती? ज्ञानाची नाही; जलसंजीवनीची पाकिटे तोवर जगभर पोहोचली होती. पैशाचीही नाही, दूरचित्रवाणीने सारे जग हलवले होते. संस्था तर शंभरावर आल्या. काही कसलेल्या होत्या, काही पहिल्यांदाच विमानातून उतरलेल्या, आणि कोण कोठे काय करणार हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. उच्चायुक्तांचे कार्यालय विनंती करू शकत होते, आज्ञा नाही. मोबुटूंचे सरकार नावापुरते होते. शिबिरांत खरी सत्ता चालत होती ती हत्याकांड घडवणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यांची आणि टोळ्यांची. शिधाही त्यांच्याच याद्यांनुसार वाटला जाई. याच कारणाने 'सीमाविरहित डॉक्टर' या संस्थेची फ्रेंच शाखा नोव्हेंबरमध्ये तेथून निघून गेली. रुग्णाला सोडून जाणे डॉक्टरला शोभते का, हा वाद त्या संस्थेतही झाला. आमचे मत विचाराल तर जाणे आणि राहणे या दोन्हींना नैतिक आधार होता, आणि ज्याची निवड एका संस्थेवर लादली जाते तो प्रश्न मुळात सरकारांचा होता.

बनगाव आणि गोमा यांची तुलना सरळ करता येत नाही, हे मान्य केले पाहिजे. बंगालमध्ये माणसे महिनोन्‌महिने येत राहिली. गोमात पाच दिवसांत. बंगालमध्ये पाणी अति होते, गोमात नव्हतेच, आणि मीठ-साखरेची पुडी कोरडी खाता येत नाही. तरीही एक साक्ष अशी आहे की तिच्यापुढे ही सबब लंगडी पडते. जुलै १९९४मध्ये ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राचे आठ जणांचे पथक दोन आठवडे गोमात होते. नलिन आणि कॅश यांची प्रयोगशाळा ती हीच, नव्या नावाची. त्यांनी एक तात्पुरते उपचार केंद्र चालवले, जंतू तपासण्यासाठी प्रयोगशाळा थाटली आणि १९९५मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की उपचार केंद्रांपर्यंत पोहोचलेले रुग्णही तेथे का मेले. द्रव देण्याचा वेग मंद होता; तोंडावाटे पुरेसे दिले गेले नाही; शिरेतून दिलेले द्रव अयोग्य होते; आणि गंभीर कॉलरा हाताळण्याचा अनुभव डॉक्टर-परिचारिकांना नव्हता. ज्या देशाचे लोक बनगावच्या जमिनीवर पडले होते, त्या देशातले वैद्य हे सांगत होते.

गोमानंतर आत्मपरीक्षण पुष्कळ झाले. १९९६मध्ये अनेक देशांनी मिळून केलेल्या मूल्यमापनाचे मुख्य म्हणणे असे की सेवाकार्य हे राजकीय कृतीची जागा घेऊ शकत नाही. १९९७पासून 'स्फिअर' नावाने किमान निकष ठरू लागले. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी हा त्यांतलाच. २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कामाचे गट पाडले आणि आरोग्याच्या गटाचे पुढारपण जागतिक आरोग्य संघटनेकडे दिले. सभा वाढल्या, तक्ते वाढले. त्यांची थट्टा करणे सोपे आहे, पण गोमात असा एक तक्ता असता तर दोन संस्था एकाच टेकाडावर आणि शेजारचे टेकाड रिकामे, असे कदाचित घडले नसते.

२०१७च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर आले. या वेळी यजमान सरकार जागेवर होते आणि ढाक्याचे केंद्रही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कॉलऱ्याचा उद्रेक होण्याआधीच, सरकारने आंतरराष्ट्रीय संस्थांसह तोंडावाटे घ्यायच्या कॉलरा लशीच्या सुमारे नऊ लाख मात्रा दिल्या. कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. त्याऐवजी वर्षअखेरीस तेथे घटसर्प आला, ज्याचे रुग्ण पाहिलेले डॉक्टर तोवर फार थोडे उरले होते.