काल चालणारी माझदा आरएक्स-८ आज सुरूच होत नाही? इंजिन गेलं असं समजण्याआधी हे वाचा

मागची गाडी बाहेर काढायची म्हणून संध्याकाळी माझदा आरएक्स-८ सुरू केली, दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली. सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतंच फिरतंय, सुरू काही होत नाही. अशा वेळी मालकाला आधी आठवतो तो इंजिन बदलण्याचा खर्च. पण बऱ्याचदा इंजिन शाबूत असतं, फक्त त्यात नको तेवढं पेट्रोल साचलेलं असतं. यालाच ‘फ्लडिंग’ म्हणतात.

याच गाडीत असं का होतं?

२००३ ते २०१२ या काळात बनलेल्या या जपानी स्पोर्ट्स कारमध्ये नेहमीचं पिस्टन इंजिन नाही. तिच्या ‘रेनेसिस’ रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरतात. क्षमता फक्त १.३ लिटर, पण जास्त ताकदीच्या मॉडेलची रेडलाइन ९,००० आरपीएमची. १९९१ ची ल मान्स शर्यत जिंकणारी माझदाची ‘७८७बी’ ही गाडीसुद्धा रोटरी इंजिनावरच धावली होती.

रोटरच्या तिन्ही टोकांना ‘एपेक्स सील’ असतात. ते आणि त्यांच्यावरचा तेलाचा पातळ थर मिळून आतला दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, टिकवतात. त्यासाठी हे इंजिन मुद्दामच थोडं ऑइल जाळतं.

थंड इंजिन सुरू होताना त्यात जास्त पेट्रोल सोडलं जातं. ते जळण्याआधीच गाडी बंद केली, तर उरलेलं पेट्रोल तेलाचा थर धुऊन काढतं. मग कॉम्प्रेशन घसरतं आणि स्पार्क प्लग ओले होतात. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की आणखी पेट्रोल आत जातं आणि अडचण वाढतच जाते.

घरच्या घरी काय करता येतं?

१. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करावी. इंजिन हळू फिरलं तर पुरेसं कॉम्प्रेशन तयारच होत नाही.

२. गाडी मोकळ्या जागेत असावी. ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून धरावा आणि मग सेल्फ मारावा. या स्थितीत इंजेक्टर पेट्रोल सोडत नाहीत आणि आत जाणारी हवा साचलेलं पेट्रोल बाहेर काढते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यावं, नाहीतर तो जळू शकतो. इंजिन सुरू झालं की पाय हळूहळू सोडावा. सुरुवातीला भरपूर पांढरा धूर येतो, त्याला घाबरू नये.

३. तरीही गाडी सुरू झाली नाही तर फ्युएल पंपाचा फ्यूज काढावा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवावेत आणि चारही प्लग काढावेत. प्लगपर्यंत पोहोचायला पुढचं डावं चाक काढावं लागतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नये, जॅक स्टँड लावलाच पाहिजे.

४. प्लग काढलेले असताना काही सेकंद सेल्फ मारला की पेट्रोल बाहेर उडतं. आसपास ठिणगी, सिगारेट, गरम दिवा काहीही नको. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवावं.

५. प्लगच्या छिद्रातून थोडं इंजिन ऑइल आत सोडावं, म्हणजे कॉम्प्रेशन तात्पुरतं सुधारतं. कोरडे किंवा नवे प्लग बसवावेत. खालचे ‘लीडिंग’ आणि वरचे ‘ट्रेलिंग’ प्लग वेगळे असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. मग कनेक्टर आणि फ्यूज जागेवर लावून गाडी सुरू करावी.

कधी थांबायचं?

फ्लडिंग बहुतेक वेळा थंड इंजिनात होतं. गाडी चालून गरम झाल्यावर बंद केली आणि पाच-दहा मिनिटांनी सुरूच होत नसेल, तर सील झिजल्याची शंका घ्यावी. तिथे वरचे उपाय करून उपयोग नाही.

अशा वेळी कॉम्प्रेशन टेस्ट करावी, पण रोटरी इंजिनासाठीच्या खास टेस्टरने. साधा गेज फक्त सर्वात जास्त दाब दाखवतो. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात, म्हणून दोन रोटरचे मिळून सहा आकडे मिळायला हवेत. इंजिन २५० आरपीएमने फिरत असताना प्रत्येक आकडा किमान ६८० किलोपास्कल असावा, असं माझदाचं मानक सांगतं. त्याहून कमी आकडे आले तर इंजिन उघडावंच लागतं. माझदा भारतात गाड्या विकत नाही, पण परदेशात जुनी आरएक्स-८ स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे सहा आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुन्हा असं होऊ नये म्हणून

गाडी सुरू केली की तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत बंद करू नये. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना ऑइलची पातळी तपासावी. आणि गाडी फक्त दहा फूट हलवायची असेल, जमीन सपाट असेल, तर न्यूट्रलमध्ये टाकून सरळ ढकलावी. इंजिन उघडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.