दोन शाखा, एक पाठ

पाठभेद म्हणजे काय, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगायला नको. संगणकाच्या आज्ञावलीलाही ते चुकलेले नाहीत. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी ‘एससीसीएस’ ही बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली लिहायला घेतली. तिच्यात एकाने फाइल दुरुस्तीला घेतली की इतरांना थांबावे लागे. १९८०च्या दशकात ‘सीव्हीएस’ने हे कुलूप काढले आणि पाठ जुळवण्याचा प्रश्न उभा राहिला.

जुळवणीची रीत साधी आहे. दोन शाखा आणि त्यांचा समान मूळपाठ ताडून पाहायचा. एकाच शाखेने बदललेली ओळ स्वीकारायची. तीच ओळ दोघांनी निरनिराळी बदलली असेल, तर यंत्र थांबते आणि निर्णय माणसावर सोपवते. खरा धोका मात्र यंत्र थांबत नाही तिथे असतो. एकाने एखाद्या फंक्शनचे नाव बदलले, दुसऱ्याने ते जुन्याच नावाने अन्यत्र वापरले, तर ओळी जुळतात आणि अर्थ तुटतो. म्हणूनच विलीनीकरणापूर्वी दुसऱ्या जाणकाराचे वाचन हवे.

बिटकीपर या खासगी प्रणालीचा मोफत वापर २००५ मध्ये बंद झाल्यावर लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ लिहिली. तिच्यात विलीन पाठाचे दोन्ही पूर्वज नोंदले जातात. बदल लिहिणारा आणि तो स्वीकारणारा यांची नावेही वेगवेगळी राहतात. पाठ एक होतो, पण कोणी लिहिले आणि कोणी मान्य केले, याचे उत्तर त्याच्याजवळच असते. पाठचिकित्सेचीही मागणी याहून वेगळी नाही.